सल्ला न ऐकलेल्या माणसाच्या संकटाला देव हसतो का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात तुमचे कुटुंब शेती करते. तुमच्या मोठ्या भावाने मित्राच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली. वडिलांनी त्याला आधीच बजावले होते आणि मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनीही घरी येऊन समजावले होते, तरी त्याने ऐकले नाही. मित्राने हप्ते थकवले, ट्रॅक्टर परस्पर विकला आणि हात वर करून गाव सोडले. आता वसुलीची नोटीस तुमच्या भावाच्या नावाने आली आहे. त्यानंतरच्या घरगुती प्रार्थनासभेत पाळकांनी पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, नीतिसूत्रांच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातला तो भाग वाचला, ज्यात ज्ञान म्हणते की तुम्ही माझा बोध झिडकारला म्हणून तुमच्या विपत्तीच्या वेळी मी हसेन, तेव्हा तुम्ही मला हाक माराल पण मी उत्तर देणार नाही. त्या दिवसापासून भाऊ उपासनेला येत नाही. देव खरोखरच माझ्या भावाला हसतो आहे का, आणि त्याच्यासाठी दार बंद झाले आहे का, असे तुम्ही विचारता.

मी पाळक आहे आणि माझे सारे सेवाकार्य विदर्भातल्या खेड्यांमधल्या मंडळ्यांत झाले. ज्या काळी पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात होती, म्हणजे 1983 मध्ये ती पुण्याला जाण्यापूर्वी, तेव्हा तिथे माझे शिक्षण झाले. नीतिसूत्रांचे पुस्तक मी वर्गात शिकलो खरे, पण कर्ज, वाटणी, दारू आणि भाऊबंदकीचे वाद सोडवायला लोकांच्या ओट्यावर बसलो तेव्हा ते मला अधिक समजले. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. देवाच्या ज्ञानाकडे दुर्लक्ष केल्यास परिणाम भोगावे लागतात, ही पहिली. परिणाम भोगणाऱ्या माणसाला देव टाकून देतो, ही दुसरी. पहिली गोष्ट पवित्र शास्त्राची शिकवण आहे. दुसरी तशी नाही, आणि ती पहिलीच्या आडून शिरते म्हणूनच अधिक घात करते.

तुमच्या भावाला मी ओळखत नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. त्याने सल्ला का ऐकला नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे. मित्राच्या शब्दावर भाबडेपणाने विश्वास ठेवून सही करणे वेगळे, वडिलांना कमी लेखून सही करणे वेगळे आणि चार पैसे सुटतील या आशेने सही करणे त्याहून वेगळे. नीतिसूत्रेही सर्वांना एका पंक्तीत बसवत नाहीत. पहिल्या अध्यायाच्या 22 व्या वचनात ज्ञान तीन प्रकारच्या लोकांना उद्देशून बोलते: भोळे, निंदक आणि मूर्ख. भोळ्याला अजून शिकवता येते, आणि हे पुस्तक मुळात त्याच्यासाठीच आहे, असे चौथे वचन सांगते. निंदक मात्र बोध करणाऱ्याचीच टर उडवतो. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुमचा भाऊ मला भोळ्यांमध्ये दिसतो, पण हे तुम्हीच पडताळून पाहा.

आता तो उतारा पूर्ण वाचू. त्याची सुरुवात 20 व्या वचनापासून होते आणि पाळकांनी वाचलेला भाग त्याचा मधला तुकडा आहे. ज्ञानाला इथे हाका मारणाऱ्या स्त्रीचे रूप दिले आहे आणि ती मंदिरात उभी नाही. ती रस्त्यात, चौकात, गजबजलेल्या ठिकाणी आणि नगराच्या वेशीपाशी ओरडून सांगते आहे. त्या काळी वेशीपाशी वडीलधारे बसत, व्यवहार ठरत, साक्षीदार उभे केले जात. रूथच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बवाज शेताचा व्यवहार दहा वडिलांसमोर वेशीतच पुरा करतो. म्हणजे ज्या जागी माणूस सही करतो, जामीन राहतो, उधारी घेतो, नेमक्या त्या जागी देवाचे ज्ञान त्याला हाक मारते. ते नेहमी दर्शनातून किंवा स्वप्नातून येत नाही. त्याच अध्यायाचे आठवे वचन बापाचा बोध आणि आईची शिकवण सोडू नको असे सांगते. तेव्हा ‘सही करू नको’ असे तुमचे बाबा म्हणाले, त्यात देवाचे ज्ञानच बोलत होते असे मी मानतो, आणि भावाने ते बाजूला सारले ही गोष्ट लहान समजू नये.

परिणाम कसा येतो, हे 31 व्या वचनात आहे. आपल्या वर्तणुकीचे फळ ते खातील, असे तिथे म्हटले आहे. फळ झाडातूनच येते, ते कोणी वरून आणून लटकवत नाही. आपल्याकडे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी कृषी विभाग सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. पहिल्या सरीवर कोणी घाईने सोयाबीन टाकले आणि मग पावसाने ओढ दिली, तर बी मातीतच मरते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. तो खर्च कृषी विभागाने रागावून केलेला दंड नसतो. सल्ल्यात जमिनीविषयी जे सत्य होते, तेच सत्य आता नुकसानीच्या रूपात समोर आलेले असते. नीतिसूत्रांत अवज्ञेचा परिणाम बहुतांशी असाच येतो. देवाने जग ज्या रीतीने घडवले, त्या रीतीविरुद्ध चाललेला माणूस त्या रीतीवरच आपटतो. आठव्या अध्यायात ज्ञान म्हणते की परमेश्वर आकाश स्थापत होता तेव्हा मी तिथे होते. ज्ञान सृष्टीच्या आधीपासूनचे असेल, तर त्याच्या विरुद्ध जाणे हा केवळ नियमभंग उरत नाही.

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातला शलमोन राजाचा मुलगा रहबाम याचे मोठे उदाहरण आहे. जू हलके करा, अशी मागणी घेऊन लोक आले. त्याने तीन दिवसांची मुदत मागितली. शलमोनाच्या पदरी राहिलेल्या वृद्धांनी सांगितले की आज तू त्यांचा सेवक होशील तर ते कायमचे तुझे सेवक होतील. ते सोडून त्याने बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि माझ्या बापाने तुम्हाला चाबकांनी मारले, मी विंचवांनी मारीन, असे उत्तर दिले. दहा वंश त्याला सोडून गेले. आकाशातून अग्नी पडला नाही. कठोर बोलण्याने लोक तुटले, इतकेच घडले. पंधरावे वचन म्हणते की हे परमेश्वराकडून घडून आले, आणि ते मी गाळू इच्छित नाही. देव या सगळ्याच्या बाहेर राहून पाहत बसलेला नसतो. पण त्याचा न्याय माणसाच्या स्वतःच्या निवडीतून वाट काढत येतो, आणि रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौलही हेच सांगतो: देवाने त्यांना त्यांच्या वासनांच्या स्वाधीन केले.

मग त्या हसण्याचे काय? ते वचन शास्त्रात आहे आणि ते पुसून टाकण्याचा अधिकार मला नाही. मात्र ते कोणाला आणि केव्हा सांगितले आहे, ते पाहावे लागते. हसण्याचा उल्लेख 26 व्या वचनात येतो. त्याआधी 23 व्या वचनात ज्ञान म्हणते की माझ्या बोधाकडे वळा, मी आपला आत्मा तुमच्यावर ओतीन. संकट अजून यायचे आहे आणि ऐकणारे अजून चौकात उभे आहेत. त्यांना हादरवून वळवण्यासाठी काढलेले हे शब्द आहेत. ज्याचे घर आधीच कोसळले त्याला ऐकवण्यासाठी ते नाहीत. ज्यांची हाक ऐकली जाणार नाही, त्यांचे वर्णनही पुढच्याच वचनांत आहे: त्यांनी ज्ञानाचा द्वेष केला, परमेश्वराचे भय धरणे पसंत केले नाही, सगळा बोध तुच्छ मानला. त्यांना ज्ञान नको आहे, केवळ संकटातून सुटका हवी आहे.

अशा माणसाचे चित्र यिर्मयाच्या 36 व्या अध्यायात आहे. हिवाळ्याचे दिवस होते आणि यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसला होता. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि त्याचा लेखक बारूख याने लिहिलेली देवाची वचने त्याला वाचून दाखवली जात होती. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सगळी गुंडाळी जळेपर्यंत हे चालले, आणि तिथे बसलेल्यांपैकी कोणी भ्याले नाही की कोणी वस्त्रे फाडली नाहीत. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायातला कठोर इशारा मला अशा हृदयासाठी वाटतो. तरीसुद्धा देवाने यिर्मयाला दुसरी गुंडाळी घेऊन सगळे पुन्हा लिहायला सांगितले, आणि तिच्यात आणखी वचनांची भर पडली. राजाने शब्द जाळले, तरी देव बोलायचा थांबला नाही. नोटीस आल्यावर रात्ररात्र जागणारा, लाजेने उपासनेला न येणारा तुमचा भाऊ आणि शेगडीपुढचा तो राजा ही एकाच जातीची माणसे नाहीत.

याहून महत्त्वाचे म्हणजे आपण ख्रिस्ती लोक नीतिसूत्रे ख्रिस्तासमोर ठेवून वाचतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल ख्रिस्ताला देवाचे ज्ञान म्हणतो. ज्ञानाला नाकारणाऱ्या नगरासमोर हे ज्ञान प्रत्यक्ष देहाने उभे राहिले तेव्हा काय झाले, ते लूकच्या 19 व्या अध्यायात लिहिले आहे. यरुशलेम दृष्टीस पडताच येशू रडला. शांतीच्या गोष्टी तुला आज कळल्या असत्या तर किती बरे झाले असते, असे तो म्हणाला, आणि शत्रू तुला वेढतील हेही त्याच श्वासात म्हणाला. इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्याने ते नगर उद्ध्वस्त केले. परिणाम टळला नाही, पण परिणाम येण्याआधी सांगणारा रडत होता. यहेज्केलाच्या 33 व्या अध्यायात तर परमेश्वर शपथ वाहून सांगतो की दुर्जनाच्या मरणात मला संतोष नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की देव तुमच्या भावाला हसत नाही.

ज्याने सल्ला ऐकला नाही आणि आता बुडतो आहे त्याच्याशी कसे बोलावे, हे मला प्रेषितांच्या कृत्यांच्या 27 व्या अध्यायात सर्वांत स्पष्ट दिसते आणि मी हा अध्याय वारंवार शिकवतो. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते. क्रेत बेटावरच्या बंदरात तो म्हणाला की आता समुद्रप्रवास धोक्याचा आहे, माल, तारू आणि जीवही जातील. त्याला नेणाऱ्या रोमी शताधिपतीने पौलाऐवजी तांडेलाचे आणि तारवाच्या मालकाचे ऐकले. बंदर हिवाळा काढायला सोयीचे नव्हते, बहुतेकांचे मतही निघावे असेच पडले, आणि मंद दक्षिण वारा सुटला तेव्हा सगळ्यांना वाटले की आपलेच बरोबर ठरले. हा मंद वारा मला नेहमी थांबून वाचावासा वाटतो. चुकीच्या निर्णयानंतर पहिले काही दिवस बहुधा छानच जातात. पहिले दोन-चार हप्ते मित्राने वेळेवर भरले असतील आणि भाऊ बाबांना म्हणाला असेल, ‘पाहा, तुम्ही उगाच काळजी करत होता.’

मग वादळ आले. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत, लोकांनी अन्न सोडले. तेव्हा पौल मध्ये उभा राहिला आणि त्याने एकच वाक्य बोलून दाखवले: माझे ऐकून क्रेत सोडले नसते तर ही हानी झाली नसती. त्याने सत्य लपवले नाही, पण ते उगाळतही बसला नाही. लगेच पुढे म्हणाला, आता धीर धरा, तारवाखेरीज तुमच्यापैकी कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही. चौदाव्या दिवशी पहाटे त्याने भाकर घेऊन सर्वांसमोर देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खायला सुरुवात केली. मग बाकीच्यांनाही धीर आला. तारवात 276 माणसे होती. तारू फुटले, माल गेला, पण सर्व जण किनाऱ्याला लागले.

त्या प्रार्थनासभेत काय चुकले, हे मला यावरून दिसते. पाळकांनी पौलाचे पहिले वाक्य म्हटले आणि ते तिथेच थांबले. भाकर मोडायची राहून गेली.

आपल्याकडे ‘करावे तसे भरावे’ ही म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, आणि मंडळीतले लोक तिला गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले सातवे वचन जोडतात: माणूस जे पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल. वचन खरे आहे. पण त्याच अध्यायाच्या आरंभी लिहिले आहे की कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा आणि एकमेकांची ओझी वाहा. पीक स्वतःचे असते, तरी ते कापताना कोणाला एकटे सोडावे असे पौल म्हणत नाही.

आता दार बंद होण्याविषयी. तुमच्या भावाच्या नेमक्या अवस्थेतल्या माणसासाठी नीतिसूत्रांमध्येच एक उतारा आहे, आणि त्या दिवशी तो वाचला गेला असता तर फार बरे झाले असते. सहाव्या अध्यायाची पहिली पाच वचने जामीन राहून फसलेल्या माणसाशी बोलतात. त्याने चूक करून झालेली आहे, तो आपल्याच तोंडच्या शब्दांनी पाशात पडला आहे. आणि ज्ञान त्याला काय सांगते? माझ्या मुला, असे कर आणि स्वतःला सोडव. जा, नम्र हो, त्या माणसाला गळ घाल. डोळ्याला झोप लागू देऊ नको. शिकाऱ्याच्या हातून हरिणी निसटते, पारध्याच्या हातून पाखरू निसटते, तसा निसट. यात कुठेही हसणे नाही, टोमणा नाही. ‘माझ्या मुला’ ही हाक कायम आहे. न ऐकलेल्या माणसाला पुन्हा ऐकण्याची संधी आहे, फक्त आता ऐकणे पहिल्यापेक्षा महाग पडणार आहे.

हे पाच वचनांचे काम आज कसे करायचे, तेही सांगतो. नोटीस कपाटात ठेवून देऊ नका. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे ‘कर्ज माझे नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही. पण जामीनदाराने भरलेली योग्य रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्कही तोच कायदा देतो. कर्ज देणाऱ्यांकडे स्वतः जा, लेखी अर्ज द्या, तडजोडीची किंवा हप्ते पाडून देण्याची मागणी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बोजा असलेला ट्रॅक्टर परस्पर विकला गेला, याबद्दल तक्रार कशी द्यायची ते वकिलाला विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, पात्र असल्यास मोफत मदत मिळते, आणि अशी प्रकरणे लोकअदालतीतही मिटतात. मात्र ही रक्कम फेडायला खासगी सावकाराकडे जाऊ नका, शेताचे खरेदीखत तर मुळीच करून देऊ नका. आमच्या एका मंडळीत असेच घडले होते, तेव्हा तिथले एक वयस्क वडील सातबारा, पासबुक आणि नोटीस वायरच्या पिशवीत घालून त्या जामीनदाराबरोबर स्वतः गेले. साहेबांसमोर ते फारसे बोललेच नाहीत, नुसते शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. पुढे तो जामीनदार मला म्हणाला, "पास्टरसाहेब, ते बाजूले बसले होते म्हणून मले बोलता आलं जी."

एक सावधगिरी बाळगावी लागेल. दुर्लक्षाचे परिणाम होतात, म्हणून प्रत्येक संकटामागे दुर्लक्षच असते असे उलटे गणित मांडू नका. बोंडअळीने कापूस खाल्ला, गारपिटीने हरभरा झोपला, तर त्या घराने कोणते ज्ञान झिडकारले हे शोधत बसणारे लोक संकटात सापडलेल्या ईयोबालाच दोषी ठरवणाऱ्या त्याच्या मित्रांच्या वाटेने जातात, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर त्या मित्रांवरच रागावलेला आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी होते असे समजू नका, हे स्वतः येशूने लूकच्या 13 व्या अध्यायात सांगितले. तुमच्या भावाच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांचा संबंध उघड आहे. शेजाऱ्याच्या बाबतीत तो तसा नसेल.

पाळकांविषयी तुमच्या मनात राग दिसतो. त्यांनी खोटे वचन वाचले नाही, पण वेळ आणि माणूस पाहिला नाही. मत्तयच्या 18 व्या अध्यायाप्रमाणे तुम्ही त्यांना एकांतात भेटा, चारचौघांत बोलू नका, आणि भाऊ का येत नाही ते शांतपणे सांगा. बहुतेक पाळकांना आपल्या उपदेशाने कोण दुखावले हे कोणी सांगतच नाही. तुमच्या बाबांनाही एक गोष्ट सुचवा. ‘मी सांगितले होते’ हे त्यांनी आतापर्यंत बोलून झाले असेल तर ते पुन्हा बोलू नये. भावाला ते पाठ झालेले असते.

आणि भावाला आधी चर्चमध्ये आणण्याचा आग्रह धरू नका. त्याच्याबरोबर आधी त्या कार्यालयात जा. जाण्यापूर्वी घरीच सहाव्या अध्यायाची ती पाच वचने त्याच्या शेजारी बसून वाचा, आणि याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातले पाचवे वचनही वाचा. ज्ञान उणे असेल त्याने देवाकडे मागावे, तो दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो, असे तिथे लिहिले आहे. मंडळीतल्या ज्या वडीलधाऱ्यांनी त्याला सही करू नको म्हणून सांगितले होते, ते बरोबर यायला तयार असतील तर त्यांनाही अवश्य विचारा.